नीट बस

३ नोव्हेंबर

श्रीयुत प्रशिक्षक महाशय यांस,

नमस्कार. 'सप्रेम' मुद्दाम गाळला आहे.

'चिरंजीव' लिहायला हात धजत नाही आणि 'प्रिय' लिहिलं तर खोटं होईल, म्हणून आपल्याला श्रीयुत केलं. शनिवारी भर हॉलमध्ये पंचांनी आपल्याला एक साधा प्रश्न विचारला आणि आपण कागदी कपात बघत उत्तर दिलंत, "मला आठवत नाही." पन्नाशी ओलांडली नाही तोच आपली स्मरणशक्ती गेली हे ऐकून वाईट वाटलं. तेव्हा आपल्या सोयीसाठी सगळं पहिल्यापासून लिहून पाठवते आहे. जपून ठेवा, उपयोगी पडेल.

मी आपली मोठी बहीण. दातांच्या कवळ्या बनवते. आपल्याला एक आईही आहे. ती माझ्याकडे राहते आणि दर रविवारी आपण फोन करून तिच्या गुडघ्यांची चौकशी करता. निदान गुडघे कोणाचे हे तरी आठवत असेल.

जाऊ दे, हे 'आपण' मला झेपणार नाही. ठोक्या, तुला लाज नाही वाटली?

सोंगटी ठेवायची तर ठोकूनच, अशी तुझी खोड होती. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारायच्या, "भिंत पाडताय का?" तेव्हापासून आई तुला ठोक्या म्हणते. बाहेर तू मोठा सर असशील. मी या वयात सर म्हणायला शिकणार नाही.

आता डाव. शहराच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती आमच्या शेवटच्या फेरीच्या डावावर ठरणार होती, हे तुला माहीत होतं. समोर तुझी शिष्या. ती वकिली शिकते हे मला नंतर कळलं, पण तिचं बोलणं ऐकून आधीच ओळखायला हवं होतं. मी तिला वकीलबाईच म्हणणार. पांढऱ्या सोंगट्या माझ्या, काळ्या तिच्या. तिसऱ्याच चालीला तिने राजाकडचा घोडा उचलला आणि पटाच्या अगदी कडेला नेऊन ठेवला. बघणाऱ्यांत कुजबुज झाली. घोडा कडेला ठेवू नये हे सगळीकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. तुझ्या वर्गात मात्र उलटं शिकवतात आणि त्या सुरुवातीला तुझं आडनाव लावलेलं आहे. आडनाव माझंही तेच असल्यामुळे अर्धी चोरी माफ.

मी हसले. वकीलबाईंना वाटलं त्यांना हसले. मी टेकूला हसले होते.

टेकू आठवतो? नाही ना? मग ऐक. स्वयंपाकघरातल्या आपल्या टेबलाचा एक पाय आखूड होता. पट कललेला, सोंगट्या घसरायच्या, आणि खेळ बाजूला राहून तुझं माझं भांडण व्हायचं. पटाला लाकडी काठ होता. उताराच्या बाजूला, कडेच्या घरात ठेवलेला घोडा त्या काठाला टेकून उभा राहायचा आणि मुळीच हलायचा नाही. म्हणून मी माझा घोडा आधी तिथे नेऊन ठेवायचे आणि मग निवांत बाकीचं बघायचे. त्याला आपण टेकू म्हणायचो. तू तेव्हा इतका लहान होतास की खुर्चीवर उशी ठेवल्याशिवाय तुला पट दिसत नव्हता. पण टेकूवरचा उतारा तूच शोधलास, ते मी नाकारणार नाही. शेजारचं प्यादं पुढे रेटत न्यायचं. घोड्याची परतीची वाट त्याच्याच माणसांनी अडवलेली असेल तर घोडा गेला. तो उतारा तू शिष्येला शिकवलाच नाहीस. स्वतःच्या नावाच्या मालाची खोट कोण सांगतो?

मी प्यादं रेटलं आणि तिचा घोडा घेतला. डाव माझ्या हातात होता. हे मी म्हणत नाही, खांबाला टेकून उभ्या असलेल्या तुझा चेहरा म्हणत होता.

मग माझी चाल होती आणि माझा हत्ती दोन घरांच्या रेषेवर वाकडा उभा होता. मी म्हटलं, "नीट बस," आणि त्याला सरळ केलं. स्पर्धेतही आधी सांगून सोंगटी सरळ केली तर ती चाल धरत नाहीत. मी आधी म्हटलं, मग हात लावला.

वकीलबाई एक पाय खुर्चीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाटलं मी त्यांना दरडावलं. तिने पाय खाली घेतला, लाल झाली, घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. पंच आले, ते कानावर पेन्सिल ठेवणारे. तिच्या तक्रारी दोन. मी तिचा अपमान केला, आणि हत्तीला हात लावला, तर आता हत्तीच चालवावा लागेल.

मी सांगितलं, "अहो, आमच्या घरात सोंगटी सरळ करताना असंच म्हणतात."

"प्रत्येकाच्या घरचा नियम इथे कसा चालेल?" वकीलबाई म्हणाल्या. मला तिचा राग नाही. तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

पंच भले माणूस. ते म्हणाले, "तुमच्या घरचं कोणी आहे का इथे, ज्यांना हे माहीत आहे?" आणि त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. आपलं नातं त्यांना माहीत होतं. सगळा हॉल वळला. त्या एवढ्या माणसांत 'नीट बस' म्हणजे काय हे जाणणारा तू एकटा होतास. मला हायसं वाटलं, मूर्ख मी. आणि तू कपात बघितलंस.

हत्ती हलवावा लागला. कुठेही हलवला तरी त्याच्या भरवशावर उभा असलेला उंट जात होता. उंट गेला, पाठोपाठ डाव गेला, जागा गेली.

जागेचं मला दुःख आहे, नाही असं नाही. पण पंचांनी सांगितलंय की तीस तारखेपर्यंत लेखी साक्ष आली तर समिती पुन्हा विचार करेल. मला तुझ्याकडून एक ओळ हवी आहे. "होय, आमच्या घरात सोंगटी सरळ करताना 'नीट बस' म्हणतात." खाली सही. व्याकरण मी तपासून देईन.

वाट बघणारी,
तुझी (हे तरी नाकारू नकोस) ताई

१० नोव्हेंबर

ठोक्या,

तुझा मोबाइलवरचा निरोप मिळाला. पाच पानांच्या पत्राला दोन वाक्यं. "ताई, मी तटस्थ राहिलो. समजून घे."

समजून घेतलं. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पाण्यात दोन अनोळखी माणसं भांडत असतील तर खुशाल तटावर उभं राहावं. पण त्यातल्या एकीने विचारलं, "माझं नाव काय ते सांग रे यांना," आणि तू म्हणालास मला आठवत नाही, तर त्याला तटस्थ म्हणत नाहीत. त्याला जे म्हणतात ते मी आई शेजारच्या खोलीत असताना लिहिणार नाही.

तू गप्प बसला असतास तरी चाललं असतं रे. "मी हिचा भाऊ, मी साक्ष देणं बरोबर नाही," असं म्हणाला असतास तर मी घरी येऊन दोन दिवस धुसफुसले असते आणि विसरले असते. पण आठवत नाही? तो शब्द कुठून आला ते आठवत नाही?

बाबा गेले त्या वर्षी आईने पट आणला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची पाळी दुपारची, आणि आपण शाळेतून आल्यावर रस्त्यावर उंडारू नये म्हणून तिने तो टेबलावर मांडून ठेवला. स्वतः तिथेच, कामावरच्या बाईकडून शिकून आली होती. संध्याकाळी परत यायची तेव्हा हेडफोनने कान लाल झालेले असायचे. कानांना हात लावत ती आपल्या मध्ये बसायची आणि आपल्याला सांगायची, "नीट बस. तूही नीट बस." मग आपण सोंगट्यांना तेच म्हणायला लागलो. आणि एकदा तू माझा वजीर नुसता सरळ करतोय म्हणून उचललास आणि भलत्याच घरात ठेवलास, आठवतं? मी तुझे केस ओढले होते. तेव्हा आईने नियम केला. एक्स्चेंजमध्ये कोणाचं बोलणं तोडायचं असेल तर आधी सांगावं लागायचं, वेळ झाली, मी लाइन काढते आहे. न सांगता तार ओढली तर साहेब बोलायचे. "इथेही तसंच," आई म्हणाली. "आधी सांगायचं, मग हात लावायचा. 'नीट बस' म्हटलं तर सरळ करणं. नाही म्हटलं तर चाल."

तिला जगातला नियम माहीत नव्हता. स्वतःच्या कामावरून तिने जो केला तो जगातल्यासारखाच निघाला. आणि तू म्हणतोस आठवत नाही.

खरं सांगू? माझा राग त्या शनिवारचा नाही. तो मागच्या वर्षीच्या तुझ्या मुलाखतीचा आहे. "मी बुद्धिबळ कोणाकडून शिकलो नाही. पुस्तकांतून स्वतःच शिकलो." फोटोत हनुवटीखाली हात. ते मासिक मी लपवणार होते, पण तुझी मुलाखत म्हणून आईनेच ते विकत आणवलं होतं. तिने भिंग घेऊन सगळी मुलाखत वाचली, त्या ओळीवर परत आली, आणि म्हणाली, "छापताना काहीतरी राहिलं असेल." मासिक उशाशी ठेवलं. त्या दिवसापासून मी तुझा फोन घेत नाही. कारण विचारलं नाहीस कधी, म्हणून सांगते.

परवा आईने विचारलं, "डाव कशाने गेला?"

मी म्हटलं, "हत्तीची चूक झाली."

"ठोक्या आला होता?"

"होता की."

"काही बोलला?"

"पाणी हवंय का विचारलं."

तिला बरं वाटलं. बघ, मीही खोटं बोलायला लागले, तेही तुझ्या अब्रूसाठी. आपलेच दात, आपलेच ओठ. दिवसभर लोकांचे दात बसवणाऱ्या बाईला ही म्हण कोणी शिकवायला नको.

तीस तारीख. एक ओळ.

ताई

२२ नोव्हेंबर

ठोक्या,

पुस्तक मिळालं. जाड आहे. पहिल्या पानावर "ताईस, सस्नेह" असं लिहून सही केली आहेस. सही येते म्हणजे तुला. मला वाटलं होतं तेही विसरलास.

सोबतची चिठ्ठी वाचली. कारणं तीन. मुलीचं पुढचं सगळं या संघावर अवलंबून आहे. तू बोलला असतास तर लोक म्हणाले असते, भावाने बहिणीची बाजू घेतली. आणि शेवटी, "त्या क्षणी खरंच डोक्यात आलं नाही." एक कारण दिलं असतंस तर कदाचित पटलं असतं. तीन देणारा माणूस स्वतःलाच पटवत असतो.

मुलीचं पुढचं सगळं! ती तिशीच्या आत आहे, तिच्यापुढे संघच संघ आहेत. माझा हात अजून कापत नाही ही माझी सगळी पुंजी आहे, आणि तो कधीपर्यंत कापणार नाही ते मला माहीत नाही. आणि जिंकायचं होतं तर तिने पटावर जिंकावं. ती तशी मुलगी आहे, मला समोर बसून कळलं. तिला फुकटचा डाव तू दिलास, तिने मागितला नव्हता.

आता पुस्तकाविषयी. तिसरं प्रकरण, "कडेच्या घोड्यामागचं तत्त्व". मी ते कामावर नेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं, तर प्लॅस्टर कालवणाऱ्या बाईंना हसून ठसका लागला. "मध्याचा मोह टाळून परिघावरून मध्यावर नियंत्रण ठेवण्याचं हे तत्त्वज्ञान मला दीर्घ चिंतनातून गवसलं." कसलं चिंतन आणि कसलं तत्त्वज्ञान? टेबलाचा पाय आखूड होता! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आपलं अंगण खरोखरच वाकडं होतं आणि आपण त्याच्यावरच नाचायला शिकलो. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला एकदा समजावून सांग. वाकड्या टेबलाने तुला अख्खं पुस्तक दिलं आणि तू त्याला एक ओळ दिली नाहीस. प्रस्तावनेत तू कागदविक्रेत्याचेसुद्धा आभार मानले आहेस. मी दोनदा शोधलं, आईचं नाव नाही.

ते टेबल अजून आहे. आखूड पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी घातली आहे, कारण आईचा चहा सांडायचा. आता ते अगदी सपाट आहे, तुला आवडेल.

कळलं की चौदा तारखेला तू याच हॉलमध्ये येतो आहेस, एकाच वेळी वीसजणांशी खेळायला. कोणीही नाव द्यावं, असं जाहिरातीत होतं. मी दिलं. घाबरू नकोस, भांडायला येत नाही, खेळायला येते. पंच तेच आहेत, कानावर पेन्सिलवाले. त्यांनी सांगितलंय की नियम स्पर्धेचेच, हात लावला की चाल, तुलाही आणि आम्हालाही.

पण त्याआधी तीस तारीख येते. दातांच्या कण्या करून सांगते आहे, ठोक्या. एक ओळ.

ताई

१ डिसेंबर

श्रीयुत प्रशिक्षक महाशय यांस,

तीस तारीख आली आणि गेली. समितीच्या कार्यालयात जाऊन विचारलं. तिथल्या कारकुनाने सगळ्या फायली माझ्यासमोर उघडून दाखवल्या. आपली ओळ आलेली नाही.

संघाची यादी दाराशी लागली आहे. आपल्या शिष्येचं नाव शेवटी आहे. अभिनंदन कळवावं.

आईने आज विचारलं की तू हल्ली फोन का करत नाहीस. दोन रविवार झाले. मी म्हटलं, कामात असेल. ती म्हणाली, "गुडघे बरे आहेत म्हणून सांग त्याला." बरे नाहीत. निरोप मात्र पोचवला.

आपली,
कोणी नाही

१५ डिसेंबर

ठोक्या,

काल तू शेवटचा डाव संपवून मागच्या दाराने निघून गेलास, हार घेऊन उभे असलेले आयोजक पुढच्या दाराशीच राहिले. आई काल संध्याकाळपासून विचारते आहे, काय झालं, काय झालं. तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते, म्हणजे रविवारी फोनवर बोलशील तेव्हा दोघांची साक्ष एकच निघेल.

टेबलं गोलात मांडलेली, तू आत फिरणार, आम्ही बाहेरून बसलेलो. तू आलास, मला बघितलंस, आणि न बघितल्यासारखं करून पहिली चाल खेळून पुढे गेलास. माझ्या उजव्या हाताला वकीलबाई बसल्या होत्या. दोन्ही पाय जमिनीवर. मला म्हणाल्या, "नमस्कार, मावशी." मीही केला.

पांढऱ्या सगळ्या तुझ्या. तिसऱ्या चालीला मी काळा घोडा उचलून कडेला ठेवला. टेकू. तू थबकलास. मग ओठ आवळून खेळून गेलास. फेऱ्यांमागून फेऱ्या होत गेल्या. तू राजाला उजवीकडे कोटात नेलंस आणि घोड्याशेजारच्या रांगेतलं प्यादं दोन घरं पुढे काढलंस. मी माझा राजा दुसरीकडे नेला आणि हत्ती आणून घोड्याच्या मागे त्याच शेजारच्या रांगेत, माझ्या प्याद्यामागे उभा केला. तुझ्या उंटाला माझा घोडा मारता येत होता. मारलास तर माझं प्यादं तुझा उंट घेणार, हत्तीची वाट मोकळी होणार, आणि त्या वाटेच्या टोकाला तुझा राजा, मध्ये एक एकटं प्यादं. तू मारणार नव्हतास. तेवढं तुला कळतं.

मग मी एक काम केलं. ते मी आठवडाभर ठरवून गेले होते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. तू समोरच्या बाजूला होतास तेव्हा "नीट बस" म्हणून मी घोड्याला हात लावला आणि नीट बसवायच्या ऐवजी वाकडा बसवला. घराच्या रेषेवर, तोंड भिंतीकडे.

वाकडी सोंगटी तुला बघवत नाही, मला माहीत आहे. लहानपणी तू दुसऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या कपाटातली भांडी सरळ करायचास.

तू आलास, पटावर वाकलास. एका हाताने हनुवटी धरलीस, मासिकातल्यासारखी. आणि दुसरा हात आपोआप पुढे आला. त्याआधी तुझे ओठ हलले. मोठ्याने नाही, पण वकीलबाईंना ऐकू जाईल इतकं.

"नीट बस."

आणि तू माझा घोडा सरळ केलास.

मी हात वर केला. पंच आले. मी म्हटलं, "यांनी माझ्या घोड्याला हात लावला. आता तो मारावा लागेल."

तू माझ्या डोळ्यांत बघितलंस. त्या शनिवारपासून पहिल्यांदा. पंचांनी विचारलं, "सर, हात लावण्याआधी काही म्हणालात का?"

तुझ्यापुढे दोनच वाटा होत्या. उंटाने घोडा मारायचा आणि माझ्यापुढे डाव घालवायचा, किंवा तोंड उघडायचं. मला अगदी खात्री होती की तू मारशील. सगळ्या हॉलसमोर बहिणीकडून हरशील, पण ते दोन शब्द गिळशील. मी मनात पुढची दहा पानी चिठ्ठीसुद्धा लिहायला घेतली होती.

तू म्हणालास, "नीट बस, असं म्हणालो."

"म्हणजे?" पंच म्हणाले. भल्या माणसाने चेहऱ्यावरची एक रेषाही हलू दिली नाही.

"म्हणजे सरळ करतोय. आमच्या घरात तसंच म्हणतात. आईने शिकवलंय. आधी सांगायचं, मग हात लावायचा."

मग वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. "सर, मग त्या दिवशी?"

तू तिच्याकडे वळलास. "त्या दिवशी मी खोटं बोललो," म्हणालास. "मावशी बरोबर होत्या."

मावशी! स्वतःच्या बहिणीला मावशी! पण जाऊ दे, तुझ्या तोंडून तेवढं निघालं तेच खूप झालं.

पंचांनी मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" मी म्हटलं, "शब्द मान्य आहे. त्यांना हवी ती चाल खेळू द्या." आणि मग तू काय केलंस? कृतज्ञता म्हणून एखादं प्यादं इकडेतिकडे केलंस? नाही. शेजारचं प्यादं आणखी एक घर पुढे रेटलंस, ठोकून, आणि माझ्या घोड्यावर आणून उभं केलंस. मी वाट शोधू लागले. मागच्या घरात माझाच हत्ती. तुला पकडायला म्हणून जो तिथे आणून ठेवला होता तोच. बाकीच्या घरांवर तुझे पहारे. सात वर्षांचा असताना शोधलेला उतारा, अगदी तसाच. घोडा गेला, आणि पुढच्या काही फेऱ्यांत डावही गेला. भर हॉलमध्ये स्वतःच्या बहिणीला! दया नाही, माया नाही. हात मिळवायला आलास तेव्हा तुझा तळवा ओला होता. नंतर वकीलबाई बराच वेळ माझ्याशेजारी बसून होत्या. तिने फक्त विचारलं, "त्या टेबलाचा कुठला पाय आखूड होता?" मी सांगितलं, खिडकीकडचा.

आईला हे सगळं सांगितलं. शनिवारचंसुद्धा, पाण्याची थाप मारली होती तेही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घोडा गेला का?"

"गेला."

"मी तेव्हाच म्हणत होते, टेकू खोटा आहे. ठोक्याला बरोबर कळलं होतं." आणि जराशाने, "आईने शिकवलंय, असं म्हणाला? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मोठ्याने?"

"नेहमीच्या आवाजात."

ती उठली, गुडघ्यांना शिव्या घातल्या, उशाचं मासिक काढलं आणि रद्दीत ठेवलं.

तर आता ऐक. संघातली जागा गेली ती गेली, तिच्यावर मी माती टाकली आहे, पण माझा राग गेलेला नाही. खूप उरलाय आणि तो मी रोज थोडा थोडा काढणार आहे. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत टेबलाचं काय करतोस ते मी भिंग घेऊन बघेन. समितीकडे ती ओळ आता पाठवून उपयोग नाही, तरी पाठव. उपयोग नसलेली कामंही माणसाने करावीत.

आणि या रविवारी फोन करू नकोस. ये. पट कपाटावर आहे, एक काळं प्यादं हरवलंय, तिथे बटण आहे, आठवत असेलच. पांढऱ्या सोंगट्या माझ्या. टेबलाखालचा पुठ्ठा मी काढून ठेवते.

ताई